रथात खाली बसलेला वीर



ह्या पानावर दरमहा आमचे तीर्थरूप प्रवचन लिहीत असतात. ह्या खेपेस त्यांनी लेखणी आमच्या हाती दिली, आणि देतांना कारणही सांगितले. "त्या दिवशी तूही हसलास ना? मग ह्या महिन्याचे तूच लिही." तेव्हा हे लेखन म्हणजे एका परीने आमचे प्रायश्चित्तच आहे. शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षण गेलेले नाही. वैद्यकातले काही शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. जे वाचले, ऐकले आणि ह्या मंदिराच्या मंडपात डोळ्यांनी पाहिले, तेवढेच आपणांपुढे मांडावयाचे आहे.

तो दिवस कोणता, हे ओघाने येईलच. प्रथम कुरुक्षेत्रावर जाऊ.

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास अर्जुनविषादयोग असे नाव आहे. पुष्कळ घरी हा अध्याय भराभर वाचून संपवितात, कारण भगवंतांचा उपदेश दुसऱ्या अध्यायात सुरू होतो अशी आपली समजूत. परंतु एकदा तो सावकाश वाचून पहावा. अर्जुन म्हणजे कोणी सामान्य मनुष्य नव्हे. द्रोणाचार्यांचा पट्टशिष्य, द्रौपदीच्या स्वयंवरात सर्व राजांदेखत लक्ष्यभेद करणारा, ज्याचे नाव ऐकताच शत्रूने दचकावे असा धनुर्धर. ज्या दिवसासाठी आयुष्यभर अभ्यास केला तो दिवस उजाडला, दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा राहिला, आणि हा वीर सांगू लागला की माझी गात्रे गळून गेली आहेत, तोंडास कोरड पडली आहे, अंगास कंप सुटला आहे, हातातून गांडीव निसटत आहे, मला उभेही राहवत नाही, माझे मन भ्रमत आहे. असे म्हणून धनुष्यबाण टाकून तो रथात खाली बसला. अठरा अक्षौहिणींच्या देखत बसला. त्या वेळी समोरच्या सैन्यात कोणी काय म्हटले असेल, हे व्यासांनी लिहिलेले नाही. आपण सामने पाहणारी माणसे आहोत. आपणांस ते सहज तर्काने कळेल.

आता भगवंतांनी काय केले ते पहा. प्रथम त्यांनी कठोर शब्दच वापरला. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ, असे ते म्हणाले. हे आम्ही लपवीत नाही, कारण प्रवचनकार बहुधा हा शब्द तेवढा उचलतात आणि खचलेल्या मुलाच्या अंगावर फेकतात. परंतु तीर्थरूपांनी आमचे लक्ष पुढच्या श्लोकांकडे वेधले. त्या कठोर शब्दाने अर्जुन उठला नाही. त्याने आपले दुःख पुन्हा सांगितले, मी लढणार नाही असे म्हटले आणि तो गप्प झाला. त्यानंतर भगवंतांनी तो कठोर शब्द घेऊन पुन्हा घाव घातला नाही. मंद स्मित करून ते बोलू लागले, आणि अर्जुनाने विचारावे, त्यांनी सांगावे, असे अठराव्या अध्यायापर्यंत चालले. एवढा वेळ लगाम त्यांच्याच हाती होते. अर्जुनाचा विषाद हा वैद्यकीय अर्थाने रोग होता, असे आमचे म्हणणे नाही. त्याचा अर्थ आचार्यांनी आपापल्या परीने लावलेला आहे आणि त्यात आम्ही ढवळाढवळ करू इच्छीत नाही. एवढेच म्हणतो की, आपल्या सर्वांत पूज्य ग्रंथाला वीराच्या खाली बसण्याची लाज वाटलेली नाही.

आता अमेरिकेतील एका खेळाडूची हकीकत ऐका. जिमी पिअरसॉल त्याचे नाव. जन्म 1929 सालचा, कनेक्टिकट प्रांतातील वॉटरबरी गावचा. खेळ बेसबॉल. आपल्या क्रिकेटशी त्याचे दूरचे नाते आहे. फलंदाजाने चेंडू टोलवावा आणि मैदानातील ठाण्यांना वळसा घालून मूळ जागी परत यावे, असा तो खेळ. पिअरसॉलच्या आईस मनाच्या आजारामुळे वरचेवर रुग्णालयात राहावे लागे. बापाचा ध्यास एकच, की मुलाने मोठ्या संघातून खेळावे. मुलगा खरोखरच बॉस्टनच्या प्रसिद्ध संघात पोहोचला. 1952 साली, त्याच्या वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याची क्षेत्ररक्षणाची सवयीची जागा बदलून त्यास नव्या जागी उभे करण्याचे ठरले. एवढ्याशा गोष्टीने त्याच्या मनात भय शिरले की ह्या लोकांस मी नकोसा झालो आहे.

पुढे जे घडले ते हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत घडले. मे महिन्यात सामन्यापूर्वी प्रतिपक्षाच्या खेळाडूशी मारामारी, लगोलग स्वतःच्याच संघातील सोबत्याशी मारामारी. मैदानावर समोरच्या वयोवृद्ध गोलंदाजाच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करावी, जनावरासारखे आवाज काढावेत. प्रेक्षक पोट धरून हसत. त्यांना वाटले, काय गमत्या मुलगा आहे! जून महिन्याच्या अखेरीस त्यास खालच्या दर्जाच्या संघात पाठविण्यात आले. तेथेही पंचांनी त्यास पुन्हा पुन्हा मैदानाबाहेर काढले. जुलैत त्यास मानसिक रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे शुद्धीवर आल्यावर तो सांगे की, त्या वर्षाच्या आरंभापासूनचे कित्येक महिने आपल्याला मुळीच आठवत नाहीत. प्रेक्षकांनी त्या दिवसांच्या हकीकती वर्षानुवर्षे रंगवून सांगितल्या, आणि ज्याच्या त्या हकीकती, त्याच्यापाशी त्यांतली एकही नव्हती. हे वाचून आमच्या अंगावर काटा आला.

विजेचे उपचार झाले, डॉक्टरांशी दीर्घ बोलणी झाली, आणि 1953 साली तो त्याच संघात परतला. उत्तम खेळला. 1967 पर्यंत वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळत राहिला, आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्यास दोनदा मिळाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या काळी असा आजार घराच्या आतल्या खोलीत कोंडून ठेवीत, त्या काळी, 1955 साली, त्याने 'फिअर स्ट्राइक्स आऊट' ह्या पुस्तकात आपली कथा स्वतःच्या नावाने छापली. 1957 मध्ये तिच्यावर बोलपट निघाला. बोलपटाने सगळा दोष बापाच्या माथी मारला, आणि ते पिअरसॉलला पुढे रुचले नाही. येथे थोडे थांबतो, कारण आपल्याकडेही कोणी आजारी पडला की दोषी कोण ह्याचा शोध आधी सुरू होतो: आई लाडावते, बाप मारतो, सून पायगुणाची. हा शोध पुरा होईतो रोगी तसाच बसून असतो.

पिअरसॉल बरा झाला खरा, पण लोकांनी त्यास सोडले नाही. प्रेक्षागारातून त्यास वेडा म्हणून हाका मारीत. 1963 साली शंभरावा मोठा टोला मारल्यावर त्याने सर्व ठाण्यांची फेरी पाठमोरे धावून पुरी केली. लोक खूष झाले. संघाने मात्र लवकरच त्यास निरोप दिला. हे पाठमोरे धावणे म्हणजे आजाराची झाक की बुद्ध्याच केलेली थट्टा? ती त्याने जाणूनबुजून केलेली गंमत होती असे दिसते. तथापि आमच्या मनात एक प्रश्न राहतो. ज्याच्या आजारास एकदा टाळ्या पडल्या, त्याने शहाणपणी वागून तेवढ्या टाळ्या कोठून मिळवाव्यात? 2017 साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

अमेरिका दूर आहे. आपले बडोदे तर दूर नाही! फेब्रुवारी 2006 मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघ सरावाच्या सामन्यासाठी आपल्या ह्याच शहरात आला होता. आपल्यापैकी काही सभासद तो पहावयास गेलेही असतील. त्या संघात मार्कस ट्रेस्कॉथिक हा सलामीचा डावखुरा फलंदाज होता. कसोटी सामन्यांत त्याने एकंदर 5,825 धावा केल्या. म्हणजे माणूस लहान नव्हे. आदल्या वर्षी पाकिस्तानच्या दौऱ्यावर असतांना घरी सासऱ्यांस गंभीर अपघात झाल्याची वार्ता आली, तरी तो संघाबरोबर राहिला होता. बडोद्यास, ड्रेसिंग रूममध्ये, सहकाऱ्यांच्या देखत त्यास रडू कोसळले, आणि ते काही केल्या आवरेना. तो दौरा सोडून मायदेशी गेला. जुम्मादादांच्या व्यायाममंदिराचा आपणांस केवढा अभिमान! मर्दानी खेळांचे हे गाव. ह्या गावात एक नामांकित खेळाडू असा खाली बसला, आणि आपणांपैकी कोणाच्या ते कानीही आले नाही.

कानी येणार तरी कसे? बाहेर सांगितले गेले की कारण खाजगी आहे. एप्रिलमध्ये दूरचित्रवाणीवर विचारले तेव्हा कसल्याशा विषाणूची बाधा झाल्याचे सांगण्यात आले. इकडे त्याच्या जागी वेस्ट इंडीजहून घाईने बोलावलेला अलिस्टर कुक हा एकवीस वर्षांचा मुलगा 1 मार्चपासूनच्या नागपूर कसोटीत उतरला, आणि पहिल्याच सामन्यात 60 व नाबाद 104 धावा करून गेला. आम्हांस तो कुक पक्का आठवतो. तो कोणाच्या जागी आला, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रेस्कॉथिक ऑस्ट्रेलियातूनही परत गेला. मार्च 2008 मध्ये आपल्या सॉमरसेट संघाबरोबर दुबईस निघालेला असतांना लंडनच्या विमानतळावरून पुढे त्याचे पाऊल पडले नाही, आणि त्याच महिन्यात त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. मग त्याने पुस्तक लिहून सर्व उघड केले: विषाणू वगैरे काही नव्हते, तो मनाचा आजार होता. ह्यानंतर तो संपला असे मात्र कोणी समजू नये. घराजवळ राहून सॉमरसेटकडून तो 2019 पर्यंत खेळला, आणि पुढे इंग्लंडच्याच संघाचा फलंदाजीचा प्रशिक्षक झाला.

एकाचा आजार दंगा होऊन बाहेर पडला. त्यास लोक हसले. दुसऱ्याचा अश्रू होऊन बाहेर पडला. त्यास खोटे बोलावे लागले. विषाणूचे नाव घेण्यात लाज नाही, मनाचे नाव घेण्यात आहे. आपल्या घरांतून काय चालते? "जरा अशक्तपणा आला आहे." "मामाकडे गेला आहे, हवापालट." विशेषतः घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असली, की ही भाषा सुरू होते. आम्ही पौरोहित्य करणारी माणसे. पत्रिका आमच्याकडेच येतात, म्हणून ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, ह्या खेळाडूंस कशाची वाण? पैसा आहे, कीर्ती आहे, लक्षावधी लोक देवासारखे पूजतात. तेच तर कठीण आहे. आमच्या हातून रुद्राचे आवर्तन चालू असतांना एखादे पद निसटले, तर ते तीर्थरूपांखेरीज कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि तेही नंतर स्वयंपाकघरात सांगतात. खेळाडूची चूक मात्र दहा वेळा, संथ गतीने, सर्व जगास दाखविली जाते. ज्या शरीरावर पोट, ते एका दुखापतीने मोडते. महिनेच्या महिने परक्या गावच्या हॉटेलात काढावयाचे. विराट कोहली 2014 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात कसोटीच्या दहा डावांत मिळून 134 धावा करून परतला. तेव्हा आपण त्यास काय काय बोललो ते आठवा. पुढे 2021 साली त्याने सांगितले की, त्या दौऱ्यात आपण जगातील सर्वांत एकटे आहोत असे वाटत होते, आणि आजूबाजूस माणसे असूनही बोलण्याजोगे जाणते कोणी नव्हते. त्याच वर्षी पॅरिसच्या टेनिस स्पर्धेत नाओमी ओसाका हिने वार्ताहरांपुढे बसण्यास नकार दिला. तिला आधी पंधरा हजार डॉलरचा दंड झाला. नंतर तिने स्पर्धा सोडली, आणि 2018 पासून आपण नैराश्याशी झगडत आहोत असे सांगितले, तेव्हा लोकांनी ऐकून घेतले. क्रम ध्यानात घ्यावा: दंड आधी, कान मागाहून.

मैदानावरचा प्रत्येक थयथयाट हा आजार असतो, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. गर्व असतो, मद्य असते, नुसता उर्मटपणाही असतो, आणि त्याची शिक्षा ज्याने त्याने भोगावी. परंतु मनुष्य आपल्या मूळ स्वभावाहून अगदी निराळा वागू लागला, रात्रीमागून रात्री झोप नाही, बोलणे थांबत नाही अथवा तोंडातून शब्दच निघत नाही, सगळे आपल्या वाईटावर आहेत असा संशय, आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर निर्णय प्रेक्षकांनी द्यावयाचा नसतो. तो डॉक्टरांनी द्यावयाचा असतो.

आता तो दिवस. पुढील मजकूर त्या मुलाच्या व त्याच्या मातोश्रींच्या अनुमतीने लिहीत आहोत. नाव लिहीत नाही.

आपल्याच सभासदांपैकी एका घरचा हा मुलगा. जलद गोलंदाज. पहाटे चार वाजता उठून मैदानावर जाणारा; काकड आरतीस निघालेल्या आम्हांस तो रस्त्यात भेटे. खेळावरच पोट भरावयाचे असे त्याने ठरविले होते आणि शिक्षणही अर्ध्यावर ठेवले होते. निवडीची यादी लागली, तीत नाव नव्हते. त्यानंतर काही दिवस तो गप्प होता. मग रात्री दोन वाजता गल्लीत धावण्याचा आवाज येऊ लागला. शेजारी म्हणाले, मेहनती मुलगा आहे.

गुरुवारची आरती चालली होती. मंडप भरलेला. तो दारातून आला, हातात नारळ. दारापासूनच त्याने धाव घेतली, माणसे दोहों बाजूंस सरली, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी येऊन त्याने तो नारळ चेंडूसारखा टाकला. समई आडवी झाली. दोन्ही हात वर करून तो बाद, बाद असे ओरडू लागला; श्रींकडे पाहून ओरडत होता, जणू पंचच समोर उभे आहेत. प्रथम सर्व स्तब्ध झाले. मग एक जण हसला, मग सगळा मंडप हसला. कित्येकांनी मोबाईल वर धरले. झांज आमच्या हाती होती, आम्हीही हसलो. आमच्याही मोबाईलमध्ये ते दृश्य रात्री येऊन पोहोचले, आणि आम्ही ते पुन्हा एकदा पाहिले.

तीर्थरूपांनी पंचारती खाली ठेवली. आरती मध्येच थांबल्याचे आम्ही जन्मात प्रथम पाहिले. ते बाहेर आले, त्या मुलाचा हात धरला आणि त्याला घेऊन मंडपाच्या फरशीवर खाली बसले. काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने विचारले, "किती रात्री झोपला नाहीस रे, बाळ?" तो बोटांवर मोजू लागला. मोजता मोजता रडू लागला.

त्याच रात्री मातोश्री आमच्या घरी आल्या. कोणी त्यांस सांगितले होते की हे बाहेरचे आहे, तडक गाणगापूर गाठा. आपले मंदिर दत्तप्रभूंचे. तीर्थरूप गाणगापूरचे नाव कधी हलक्याने घेणार नाहीत. त्यांनी श्रींचा अंगारा मुलाच्या कपाळी लावला आणि म्हणाले, "वहिनी, अंगारा लावला. आता सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. गाणगापूर कोठे जात नाही. हा बरा झाला की आपण सगळे मिळून जाऊ." सकाळी ते स्वतः मुलाच्या काकांबरोबर सरकारी मानसिक रुग्णालयात जाऊन रांगेत उभे राहिले. सोवळे, पूजा, सर्व त्या दिवशी आमच्याकडे होते. मुलास काही आठवडे तेथे ठेवून घेतले. आजाराचे नाव छापण्याचा आम्हांस अधिकार नाही. औषध चालू आहे.

काही गोष्टी कुटुंबांनी ध्यानात ठेवाव्यात म्हणून येथेच सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरविला आहे. रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांस देऊ नये, असेही त्यात आहे. भारत सरकारची टेली-मानस नावाची दूरध्वनी-सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. रात्री दोन वाजता गल्लीत धावण्याचा आवाज येत होता, तेव्हा हा क्रमांक आम्हांस ठाऊक नव्हता.

हे प्रवचन छापण्यास अनुमती देतांना त्या मुलाने आम्हांस एकच प्रश्न केला: ती चित्रफीत अजून कोणाकडे आहे का? आम्ही आमच्याजवळची पुसली आहे. सभासद बंधुभगिनींनो, आपल्या घरात कोणाच्याही मोबाईलमध्ये ती असल्यास आज रात्री दिवा लावण्यापूर्वी पुसून टाकावी, आणि ज्यांस पाठविली असेल त्यांसही तसे कळवावे, ही पायांवर डोके ठेवून विनंती. त्यास आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. तो हल्ली गुरुवारी आरतीस येतो. दाराबाहेर, चपला काढतात तेथे उभा राहतो, आणि आरती संपण्याच्या आत निघून जातो.